जुनी दुर्बीण घेण्यापूर्वी तिचा आरसा आणि भिंगे कशी पारखावीत

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये सहकारनगरमधील एका गच्चीवर मी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण तपासली आणि नाकारली. संध्याकाळचे सात वाजले होते, नळी नुकतीच खालच्या खोलीतून वर आणलेली होती, आणि कुठेतरी वाचलेल्या सल्ल्याप्रमाणे मी ती थेट ध्रुवताऱ्यावर रोखली. ताऱ्याऐवजी उकळत्या दुधाच्या सायीसारखे काहीतरी दिसले. आरसा खराब आहे असे मी विक्रेत्याला ठामपणे सांगितले. तीन महिन्यांनी पानशेतजवळच्या एका रात्री, नव्या मालकाच्या ताब्यात, मी त्याच दुर्बिणीतून गुरू पाहिला आणि त्याच्या पट्ट्यांमधील बारकावे पाहून गप्प बसलो. आरसा उत्तम होता, माझी चाचणी खराब होती.

त्यानंतर स्वतःसाठी आणि मित्रांसाठी अनेक जुन्या दुर्बिणी तपासल्या, आणि त्यातून जी पद्धत बसत गेली ती येथे क्रमाने मांडत आहे. दुर्बिणीची प्रकाशीय गुणवत्ता ताऱ्यावरच कळते. परंतु ताऱ्याच्या प्रतिमेत दिसणारा दोष आरशाचाच आहे असे म्हणण्यापूर्वी हवा, तापमान, जुळवणी (आरसे किंवा भिंगे एका रेषेत आणणे), आवळलेले स्क्रू, नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) आणि स्वतःचा डोळा या सर्वांना एकेक करून बाजूला काढावे लागते.

१. जाण्यापूर्वी फोनवरच विचारून घ्या

वस्तुभिंगाचा (पुढच्या मोठ्या भिंगाचा) किंवा आरशाचा व्यास, नाभीय अंतर (आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचे अंतर) आणि नळीची प्रत्यक्ष लांबी हे तीन आकडे मागा. न्यूटोनियन दुर्बिणीत, म्हणजे मुख्य आरसा नळीच्या तळाशी आणि नेत्रिका बाजूला असलेल्या दुर्बिणीत, नळीची लांबी साधारणपणे नाभीय अंतराच्या आसपास असते. नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेले असून नळी मात्र पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर फोकसरच्या (नेत्रिका बसते त्या सरकत्या नळीच्या) आत एक छुपे भिंग बसवलेले आहे असे समजावे. अशा स्वस्त दुर्बिणींत मुख्य आरसा गोलीय असतो, ते भिंग त्याचा दोष पुरता झाकू शकत नाही, आणि जुळवणी करताना नवशिक्याच्या नाकी नऊ येतात. त्या कितीही कमी किमतीत मिळाल्या तरी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोलीय आरसा म्हणजे वाईट आरसा, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. ११४ मिमी व्यासाच्या गोलीय आरशाचे नाभीय अंतर सुमारे ८४० मिमीपेक्षा जास्त असेल, तर त्याची चूक प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या परंपरागत मर्यादेत राहते. म्हणून ११४ मिमी व्यास आणि ९०० मिमी नाभीय अंतर असलेली जुनी दुर्बीण निश्चिंतपणे पाहायला जावे. १३० मिमी व्यास आणि ६५० मिमी नाभीय अंतर असेल, तर आरसा परवलयाकारच (सर्व किरण एकाच बिंदूत आणणाऱ्या आकाराचा) हवा.

याशिवाय मूळ बिल, पेटी व माहितीपुस्तिका आहे का, आरशावर पुन्हा चकाकीचा लेप केला आहे का, आणि भिंग किंवा आरसा कोणी उघडून साफ केला आहे का, हे विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर मिळाले तर पुढची अर्धी चाचणी सोपी होते.

पुण्यात हाताने घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीही अधूनमधून विक्रीला येतात. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था येथे १९४४ पासून आहे, आयुका या खगोलसंशोधन संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि अशा वातावरणात स्वतः आरसा घासणारी माणसे तयार झाली. हाताचा आरसा कारखान्याच्या आरशापेक्षा सरस निघू शकतो, तसाच अगदी सुमारही निघू शकतो. अशा वेळी घासण्याची वही मागा. फूकोच्या चाचणीची (आरशाचा आकार तपासण्याच्या पद्धतीची) मापे लिहिलेली जुनी वही मला कोणत्याही छापील प्रमाणपत्राइतकीच मोलाची वाटते. ‘आरसा तरंगलांबीच्या एक दशांश अचूक आहे’ असे कोणी सांगितले, तर ही अचूकता पृष्ठभागाची की परावर्तित तरंगाची, हे लगेच विचारा. परावर्तनात पृष्ठभागाची चूक दुप्पट होते, त्यामुळे पृष्ठभागाचा एक दशांश म्हणजे तरंगाचा एक पंचमांश होय.

२. सोबत काय न्यावे

- स्वतःची, खात्रीची एक चांगली नेत्रिका. दुर्बिणीचे नाभीय गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले व्यास) जितके, तितक्या मिलिमीटरची किंवा त्याहून लहान. म्हणजे एफ/६ दुर्बिणीसाठी ६ मिमी. १० मिमीची नेत्रिका आणि चांगले दुप्पट करणारे बार्लो भिंग असले तरी काम भागते.
- जुळवणीची टोपी. कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीच्या झाकणाला बरोबर मध्यभागी भोक पाडले की ती तयार होते.
- टॉर्च, हिरवा फिल्टर, दुर्बिणीच्या स्क्रूंना बसणाऱ्या अ‍ॅलन चाव्या आणि पेचकस, वही, पेन्सिल.
- शक्य असल्यास रोंची जाळी (जवळजवळ समांतर काळ्या रेषा असलेली पारदर्शक पट्टी). तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

लेझर कॉलिमेटर (जुळवणीसाठी लेझर किरण टाकणारे उपकरण) मुद्दाम यादीत घेतलेला नाही. स्वस्त लेझर स्वतःच तिरका असतो. फोकसरमध्ये तो गोल फिरवला असता आरशावरील ठिपकाही गोल फिरू लागला, तर तो खिशात परत ठेवावा.

विक्रेत्याची नेत्रिका फोकसरमध्ये बसते का, हेही पाहा. फार जुन्या लहान दुर्बिणींचे फोकसर ०.९६५ इंचाचे असतात आणि त्यांत आजच्या सव्वा इंची नेत्रिका जात नाहीत. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हाती लागणाऱ्या दुर्बिणींबाबत हा घोटाळा विशेष लक्षात ठेवावा.

३. दिवसाउजेडी पाहणी

आरशावर टॉर्च मारला की निष्कलंक आरसाही भयंकर दिसतो. धुळीचा कणन् कण चमकू लागतो आणि नवखा खरेदीदार तिथेच माघार घेतो. धुळीने प्रतिमा जवळजवळ बिघडत नाही. पाहायचे ते वेगळे: लेप कडेने उडाला आहे का, आरसा काढून उजेडासमोर धरला असता सुईच्या टोकासारखी असंख्य छिद्रे दिसतात का, आणि कोणी रुमालाने पुसल्याच्या गोलाकार ओरखड्यांच्या रेषा आहेत का. लेप खराब असेल तर तो पुन्हा करून घेता येतो, तेव्हा तो किमतीचा विषय आहे, गुणवत्तेचा नव्हे.

भिंगांच्या दुर्बिणीत पुण्यातील खरा शत्रू पावसाळा आहे. चार महिने बंद पेटीत, कपाटाच्या तळाशी पडलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि टॉर्च तिरका धरला की ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. वरच्या पृष्ठभागावरची पुसट बुरशी निघते; दोन भिंगांच्या मधली किंवा लेपाला खाऊन गेलेली निघत नाही. श्मिट-कॅसग्रेन आणि माकसुटोव्ह या आरसा व पुढे काच असलेल्या दुर्बिणींत पुढच्या काचेची आतली बाजू आवर्जून पाहा.

दोन भिंगांचे वस्तुभिंग कोणी उघडले असेल तर त्यातील एक भिंग उलटे बसलेले असण्याची, किंवा दोहोंमधील तीन बारीक पत्र्याचे तुकडे हरवलेले असण्याची शक्यता असते. कडेला पेन्सिलने ओढलेली जुळवणीची खूण दिसते का, ते पाहा. ही चूक दिवसा नेहमी लक्षात येत नाही, परंतु ताऱ्यावर मात्र लपत नाही.

न्यूटोनियनच्या मुख्य आरशाच्या क्लिपा आता, उजेडातच तपासून घ्या. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. विक्रेते दुर्बीण दाखवायच्या आदल्या दिवशी सगळे स्क्रू ‘नीट’ आवळून ठेवतात, आणि ती त्यांची सद्भावनाच आरशाला पिळते.

४. वेळ, जागा आणि तारा

ताराचाचणीसाठी अंधारे आकाश लागत नाही. कोथरूडच्या दिव्यांतही ती उत्तम होते. लागते ती शांत हवा. सिमेंटची गच्ची दिवसभराची उष्णता सूर्यास्तानंतर कित्येक तास सोडत राहते, म्हणून गच्चीपेक्षा सोसायटीच्या बागेतील हिरवळ किंवा मैदान बरे. गच्चीच असेल तर रात्री दहानंतर जा, आणि नळी एका तासाहून अधिक काळ आधी बाहेर ठेवायला विक्रेत्याला फोनवर सांगून ठेवा. साधा काचेचा आरसा गार होत असताना त्याची कड आधी थंड होते आणि तो काही काळ खरोखरच वेगळ्या आकाराचा होतो. त्या काळात केलेली चाचणी चुकीची ठरते.

आता ध्रुवताऱ्याविषयी. तो जागचा हलत नाही, म्हणून चाचणीसाठी तोच घ्यावा, असे युरोप-अमेरिकेतील लेखक लिहितात, आणि त्यांच्या अक्षांशांवर ते योग्यच आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश असल्याने येथे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत त्याचा प्रकाश तिपटीहून अधिक हवेतून येतो, आणि शहराच्या दक्षिण भागातून पाहिले तर ती हवा अख्ख्या शहराच्या तापलेल्या छतांवरची असते. माझी चूक ती हीच.

त्याऐवजी साधारण साठ ते सत्तर अंश उंचीवरील, दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे मध्यम तेजाचा, तारा निवडा. वसंतात उत्तरा फाल्गुनी, म्हणजे सिंहेच्या शेपटीचा तारा, आणि पावसाळा संपल्यावर पूर्वा भाद्रपदामधील दक्षिणेचा तारा हे दोन्ही पुण्याच्या माथ्याजवळून जातात. व्याध किंवा स्वाती फार तेजस्वी असल्याने मोठ्या दुर्बिणीत त्यांच्या झगमगाटात वलयांतील बारकावे बुडून जातात. अगदी डोक्यावरचा तारा डॉब्सोनियनने धरणे कठीण जाते, म्हणून तो माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावा.

५. जुळवणी आधी, निकाल नंतर

जुळवणी बिघडलेली दुर्बीण तपासणे म्हणजे चष्मा तिरका लावून दृष्टी मोजणे होय. टोपीतून पाहून दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा), मुख्य आरसा आणि त्याच्या मध्यावरची खूण एका केंद्रात आणा, आणि मग ताऱ्यावर अंतिम सुधारणा करा. फोकसच्या थोडे बाहेर नेलेल्या ताऱ्याच्या चकतीत दुय्यम आरशाची सावली मध्यभागी दिसली पाहिजे. विक्रेत्याला स्क्रूंना हात लावू द्यायचा नसेल तर जुळवणी त्यालाच करू द्या. तोही नको म्हणत असेल, तर चहा पिऊन निघा.

तारा दृष्टिक्षेत्राच्या बरोबर मध्यभागी ठेवणे आवश्यक आहे. न्यूटोनियनमध्ये कडेला तारे शेपटीदार दिसतात, तो परवलयाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. दोनशे पट वर्धनाला साध्या प्लॉसल नेत्रिकेतून तारा मिनिटभरात क्षेत्र ओलांडून जातो, त्यामुळे एका हाताने नळी सरकवत राहण्याचा सराव हवा.

६. फोकसची झटपट परीक्षा

चंद्राच्या कडेवर किंवा ताऱ्यावर फोकस हळूहळू आणा. चांगल्या दुर्बिणीत प्रतिमा एका ठिकाणी ‘टच्च’ बसते, आणि चाक किंचित हलवले तरी बिघडल्याचे कळते. चाक पुढे-मागे करूनही ‘हेच ते की अजून थोडे?’ असा प्रश्न उरत असेल, तर काहीतरी गडबड आहे. नेमके काय, हे पुढची चाचणी सांगते.

७. मुख्य ताराचाचणी

नेत्रिका आत सरकवून फोकसच्या अलीकडे जा, इतके की ताऱ्याभोवती चार ते सहा वलये दिसतील. चित्र लक्षात ठेवा, किंबहुना वहीत काढा. मग फोकस ओलांडून पलीकडे तितकीच वलये दिसेपर्यंत जा. निर्दोष दुर्बिणीत दोन्ही चित्रे सारखी असतात: वलये गोल, तेजाची वाटणी समान, आणि दुय्यम आरशाची सावली दोन्हीकडे सारख्या आकाराची. दोन्ही चित्रांतील फरकावरून दोषाचा प्रकार ओळखायचा असतो.

आतल्या बाजूला सर्वांत बाहेरचे वलय ठळक आणि बाहेरच्या बाजूला मध्यभाग उजळ, कड मात्र विरघळलेली दिसली, तर आरशाच्या कडेचे किरण गरजेपेक्षा जवळ एकत्र येत आहेत. गोलीय आरसा लहान नाभीय अंतरासाठी वापरला की हेच होते. याच्या उलट चित्र दिसले तर गोलीय आरशाला परवलयाचा आकार देताना केलेली दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे, किंवा आरसा अजून गार होत आहे. म्हणून हे उलट चित्र दिसल्यास अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे. ते बदलत गेले तर दोष तापमानाचा, जसेच्या तसे राहिले तर काचेचा.

आतल्या बाजूला वलयांची कड केसाळ व धूसर आणि बाहेरच्या बाजूला मात्र रेखीव दिसली, तर आरशाची कड खाली झुकलेली आहे. हाताने घासलेल्या आरशांत हे पुष्कळदा आढळते. झुकलेला भाग अरुंद असेल तर काळ्या कागदाची कडी लावून कड झाकता येते. व्यास थोडा कमी होतो, प्रतिमा मात्र सुधारते.

भिंगांच्या साध्या दुर्बिणीत रंगदोषामुळे दोन्ही बाजूंची वलये मुळातच वेगळ्या रंगांची दिसतात, म्हणून हिरवा फिल्टर लावून पाहावे. व्याधाभोवती किंवा चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसणे हा त्या रचनेचा गुणधर्म आहे आणि त्यावरून भिंग वाईट ठरत नाही.

ही चाचणी फार संवेदनशील आहे. पाव तरंगलांबीच्या निम्म्या चुकीचाही फरक सरावलेल्या डोळ्याला दिसतो. दोन्ही बाजूंत किंचित फरक दिसला म्हणून दुर्बीण नाकारू नका. तयार मालात तंतोतंत सारखी चित्रे मला क्वचितच दिसली आहेत.

रोंची जाळी असेल तर नेत्रिका काढून तिच्या जागी जाळी धरा आणि तेजस्वी ताऱ्यावर रोखा. फोकसजवळ तीन-चार काळे पट्टे दिसतील. ते सरळ असावेत. पट्टे पिंपासारखे फुगलेले किंवा मध्ये आवळलेले दिसले तर गोलीय दोष आहे, आणि टोकाशी आकड्यासारखे वळले तर कड झुकलेली आहे. नवख्या माणसाला वलयांपेक्षा पट्टे वाचणे सोपे जाते.

८. तारा गोल नसेल तर

फोकसच्या एका बाजूला तारा लांबट आणि दुसऱ्या बाजूला काटकोनात लांबट दिसला, तर तो अ‍ॅस्टिग्मॅटिझम. येथे घाई करू नका. आधी डोके फिरवा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्याचा. नंतर नेत्रिका फिरवा. भिंगांच्या दुर्बिणीत काटकोनी प्रिझम काढून सरळ पाहा, कारण प्रतिमा सुलटी करणारे स्वस्त प्रिझम उत्तम वस्तुभिंगाचीही अब्रू घालवतात. या सर्वांनंतरही लांबटपणा तसाच राहिला, तर न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसा त्याच्या बैठकीत फिरवून बसवा आणि पुन्हा जुळवणी करा. लांबटपणा आरशाबरोबर फिरला तर दोष आरशात आहे. न फिरल्यास संशय दुय्यम आरशावर किंवा बैठकीवर.

तारा त्रिकोणी दिसला तर बहुधा क्लिपा आवळलेल्या आहेत. त्या सैल केल्यावर काही मिनिटांत तारा गोल होताना पाहणे, हा जुनी दुर्बीण घेण्यातला सर्वांत स्वस्तात मिळणारा आनंद आहे. एकाच दिशेला झुळझुळणारी शेपटी दिसली तर ती नळीतील गरम हवा. तसे असल्यास थांबा.

शेवटी एखादा जोडतारा पाहा. पुनर्वसूमधील कॅस्टरचे दोन घटक सुमारे साडेपाच विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आहेत आणि ७० मिमीच्या दुर्बिणीतही ते सुटे दिसले पाहिजेत. अभिजितजवळच्या जोडताऱ्यांच्या जोडीतील प्रत्येक जोडी अडीच विकलांहून थोडी जवळ आहे. शांत रात्री १०० मिमीच्या निरोगी दुर्बिणीत चारही तारे स्पष्ट सुटतात.

९. आकाश झाकलेले असेल तर

पुष्कळ जुन्या दुर्बिणी जुलै-ऑगस्टमध्ये विक्रीला निघतात, कारण तेव्हा मालकाला ती अडगळ वाटू लागते. अशा वेळी कृत्रिम तारा करावा. बेअरिंगचा सुमारे १० मिमीचा चकचकीत छर्रा काळ्या कापडावर चिकटवा, त्याच्यापासून एक मीटरवर टॉर्च ठेवा, आणि पार्किंगच्या किंवा लांब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून छऱ्यावरचा प्रकाशबिंदू पाहा. अंतर दुर्बिणीच्या नाभीय अंतराच्या वीसपटीहून कमी नसावे. १२०० मिमीसाठी निदान पंचवीस मीटर, जास्त असेल तर उत्तम. इतक्या जवळच्या वस्तूसाठी नेत्रिका बरीच बाहेर काढावी लागते. पंचवीस-तीस मीटरवर ती (१२०० मिमीच्या दुर्बिणीत) पाच ते सहा सेंटिमीटर जास्त बाहेर येते, त्यामुळे जोडनळी सोबत ठेवा, नाहीतर फोकसच येणार नाही.

ऊन असेल तर असाच, पण २५ मिमीचा छर्रा साठ मीटरवरील गच्चीवर ठेवा आणि त्यावरची सूर्याची चमक पाहा. सूर्य तुमच्या पाठीशी असला पाहिजे, आणि नळी चुकूनही सूर्याकडे वळता कामा नये. हे सकाळी लवकर करावे. अकरानंतर हवा नाचू लागते.

१०. व्यवहार

काचेतील मूळ दोष, म्हणजे आरशाबरोबर फिरणारा अ‍ॅस्टिग्मॅटिझम किंवा मोठा गोलीय दोष, असेल तर किमतीत घासाघीस न करता नकार द्यावा. लेप, फोकसरची ढिलाई, हरवलेली शोधक दुर्बीण, सुमार नेत्रिका यांचा खर्च मात्र किमतीतून निःसंकोच वजा करून मागावा. निर्णय होत नसेल तर दुसऱ्या रात्रीची वेळ मागा. जाणकार विक्रेता ती देतो, आणि टिळक स्मारक मंदिरात परिसंस्थेच्या मंडळींना विचारले तर सोबत यायला एखादा सरावलेला डोळाही मिळू शकतो.

बिलाच्या मागे आरशाचा व्यास, नाभीय अंतर आणि तारीख लिहून विक्रेत्याची सही घ्या. नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी, उशीवर ठेवा आणि पट्ट्याने बांधा. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक जुळवणी शाबूत ठेवत नाहीत, म्हणून घरी पोहोचल्यावर पहिला तारा पाहण्यापूर्वी टोपी लावून ती पुन्हा तपासा.